बहिणीचा चौथा महिना, प्लास्टिक आणि हार्मोन्स: आधी काय बदलावं?

धाकट्या बहिणीला चौथा महिना लागलाय. थायरॉईडची गोळी आधीपासूनच चालू, त्यामुळे हार्मोन हा शब्द दिसला की ती दचकते. मायक्रोप्लास्टिकच्या रील्स बघून तिनं डाळी-तांदळाचे डबेसुद्धा माळ्यावर टाकलेत. डॉक्टरांनी "गरम काही प्लास्टिकमध्ये नको" एवढंच सांगितलं.

मी थोडं वाचलं. मला वाटतं, इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. एक म्हणजे कण. इटलीतल्या संशोधकांना सहापैकी चार बाळंतिणींच्या वारेत (प्लासेंटात) ते सापडले होते. पण कण सापडले म्हणजे त्यांनी हार्मोन्स बिघडवले, असं लगेच होत नाही. दुसरी गोष्ट प्लास्टिकमधली रसायनं, आणि त्यांच्याविरुद्धचा पुरावा बराच जुना आहे. बीपीए (बिस्फेनॉल ए) हे रसायन तर १९३०च्या दशकात चक्क कृत्रिम इस्ट्रोजेन म्हणून तपासलं गेलं होतं. त्यापासून प्लास्टिक नंतर बनायला लागलं! युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये त्याची रोजची सुरक्षित मर्यादा आधीच्या २०,००० पट खाली आणली. पीव्हीसी नावाचं प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट्स ही रसायनं त्याला पक्की चिकटलेली नसतात, तेलकट पदार्थात सहज उतरतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांनी नर गर्भाचं टेस्टोस्टेरॉन कमी केलेलं दिसलंय.

म्हणून माझ्या मते कोरड्या डाळीचा डबा राहू दे, ऑफिसातला कागदी कपातला चहा आधी बंद कर. त्या कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो. आयआयटी खरगपूरच्या प्रयोगात १०० मिली गरम पाण्यात १५ मिनिटांत सुमारे २५,००० कण उतरले होते. बाईसाहेबांना हे पटत नाही, कारण कप "कागदी" आहे.

जाणकारांनी कृपया सांगावं:

ऑफिसात २० लिटरचा निळा जार येतो, बुडाला त्रिकोणात ७ आकडा आहे. म्हणजे तो पॉलीकार्बोनेटचाच, म्हणजे बीपीएपासून बनणाऱ्या कडक प्लास्टिकचाच धरायचा का? असे जार उन्हात टेम्पोत तापतात, तर घरून स्टीलच्या बाटलीत पाणी नेणं बरं ना?

"बीपीए फ्री" बाटल्यांत बऱ्याचदा बीपीएस हे त्याच्याच जातीचं रसायन असतं आणि तेही इस्ट्रोजेनसारखंच वागतं म्हणे. मग त्या लेबलसाठी जास्त पैसे मोजावेत का?

एक लॅब लघवीतल्या बीपीएची महागडी तपासणी गळ्यात मारतेय. ते बहुतांशी दिवसभरात शरीराबाहेर पडतं, तेव्हा एका नमुन्यावरून कालचं जेवण सोडून काय कळणार? कुणी केली असेल तर डॉक्टरांनी त्या रिपोर्टचं पुढे काय केलं?

एंडोक्रायनॉलॉजीतलं (हार्मोन्सच्या आजारांचं वैद्यकशास्त्र) कुणी असेल तर थायरॉईडबद्दल आवर्जून लिहा. गोळी डॉक्टरांना न विचारता बदलणार नाही, त्यामुळे ते सल्ले नकोत.