राक्षस पार्टीच्या तोलाचा असावाच का?

खडखडाट (धागाकर्ता)
डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा भूमिका-खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं. पार्टीत चार नवे खेळाडू, सगळे पहिल्या लेव्हलला, डीएम (जग आणि राक्षस चालवणारा) मी. रस्त्याकडेच्या झुडपात चार गोब्लिन लपवले. गोब्लिनचा सीआर, म्हणजे राक्षस किती अवघड याचा पुस्तकातला आकडा, पाव. पाव म्हणजे चिल्लर, या समजुतीत मी निर्धास्त होतो. पहिल्याच फेरीत विझार्डला, म्हणजे आमच्या जादूगारणीला, दोन बाण लागले. एका बाणाचं नुकसान सहा पैलूंचा फासा अधिक दोन, म्हणजे सरासरी साडेपाच, आणि तिचे हिट पॉइंट (जिवाचे गुण) सात. स्वतःचा पहिला टर्न येण्याआधीच ती आडवी. दीड तासाने हिशेब असा: दोघं मेले, दोघं पळाले.

माझं म्हणणं, हे सीआरचं थोतांड बंद करा. जग जसं आहे तसं मांडा. गुहेत ड्रॅगन असेल तर असेल, नवखी पार्टी आली म्हणून त्याने आकार का बदलावा? धोका आधी दिसला पाहिजे आणि पळायला वाट पाहिजे, एवढंच डीएमने बघावं. बाकी खेळाडू आणि त्यांचे फासे.

त्रैराशिक
साफ असहमत. सीआरला शिव्या घालण्याआधी गणित पुरतं केलंत का? एक गोब्लिन ५० एक्सपी (अनुभवाचे गुण), चार म्हणजे २००. शत्रू तीन ते सहा असले की दुप्पट धरायचे, झाले ४००. पहिल्या लेव्हलच्या एका कॅरॅक्टरची ‘डेडली’ मर्यादा १००, चौघांची ४००. पुस्तक ओरडून सांगत होतं की ही लढाई जीवघेणी आहे. तुम्ही ‘पाव’ वाचलंत आणि पुस्तक मिटलंत. थर्मामीटर लावायचा नाही, आणि ताप चढला की थर्मामीटरच फेकून द्या म्हणायचं!

आणि हो, धोका आधी दिसला पाहिजे ना? मग गोब्लिन झुडपात काय करत होते?

खडखडाट
झुडपाचं मान्य. गुणाकाराचंही मान्य, केला नव्हता. पण जो आकडा दुप्पट-अडीचपट करून वाचावा लागतो तो नवख्या डीएमच्या काय कामाचा?

जुनी मशाल
धागाकर्त्याच्या बाजूने, पण कारण वेगळं. १९७४ च्या मूळ खेळापासून पुढे बराच काळ अनुभवाचे बहुतेक गुण खजिना बाहेर आणल्याचे मिळायचे, मारल्याचे थोडे. त्यामुळे लढाई म्हणजे फसलेली योजना. १९८१ च्या बेसिक नियमांत तर समोर आलेला राक्षस कसा वागेल हे दोन फासे टाकून ठरायचं, तो बोलायलाही तयार व्हायचा. त्यांचा पहिला गडी पडला की धैर्याचा फासा, निम्मे पडले की पुन्हा. फसला की ते पळत सुटणार. तुमचे गोब्लिन मरेपर्यंत का लढले? समतोल मुळात तिथे बिघडला.

क्लेरिकची काठी
मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. सीआर खोटा नाही, पण समोर कोण बसलंय हे त्याला ठाऊक नसतं. ‘शॅडो’ हा सावलीचा राक्षस घ्या. सीआर फक्त अर्धा, पण प्रत्येक स्पर्शाला एक ते चार स्ट्रेंग्थ (ताकद) खातो आणि ती शून्य झाली की माणूस मेला, हिट पॉइंट कितीही उरलेले असोत. सोळा स्ट्रेंग्थचा फायटर हसत उभा राहतो. आठवाल्या विझार्डला वाईट नशिबाने दोन फटके पुरतात. त्याच पार्टीत तेजाचे मंत्र टाकणारा क्लेरिक (पुरोहित) आला की तोच शॅडो कचरा. आता सांगा, या राक्षसाला एकच आकडा कोणता द्यायचा?

शिवाय टर्नची संख्या. पाचांसमोर एकटा बॉस ठेवला की त्याच्या एका टर्नला तुमचे पाच. म्हणून तर लेजंडरी ॲक्शनचं, म्हणजे बॉसला इतरांच्या टर्ननंतर जादा चाल देण्याचं, ठिगळ लावावं लागलं.

त्रैराशिक
आकडा देता येतो, पाथफाइंडर या तशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने २०१९ साली देऊन दाखवला. चौघांसाठी मध्यम लढाईचं बजेट ८० एक्सपी. दोन लेव्हल वरचा एक शत्रू ८० चा, चार लेव्हल वरचा १६० चा, म्हणजे टोकाची लढाई. लेव्हल जवळपास प्रत्येक फाशात मिळवली जाते आणि लक्ष्याच्या दहा वर गेलं की क्रिटिकल (जादा जबर यश), त्यामुळे दोन लेव्हलचा फरक टेबलावर जाणवतो. गणित प्रामाणिक असेल तर जुळतं.

जुनी मशाल
आणि त्याची किंमत? तिथे सातव्या लेव्हलला गोब्लिनची टोळी म्हणजे पाचोळा. डी अँड डीच्या पाचवीत वीराचा आर्मर क्लास (फटका लागायला गाठायचा आकडा) १८ असला तरी साध्या गोब्लिनचा वार वीस पैलूंच्या फाशावर १४ पासून पुढे लागतो, शंभरात पस्तीस वेळा. दहा गोब्लिन मोठ्या वीरालाही घाम फोडतात. मला ते जग जास्त खरं वाटतं.

पडद्यामागचा
एवढी डोकेफोड कशाला? मी डीएमच्या पडद्यामागे राक्षसाचे हिट पॉइंट कमी करतो. कोणाला कळत नाही.

त्रैराशिक
कळतं. फक्त कोणी बोलत नाही.

सात हिट पॉइंट
धागा पाठवला म्हणून आले. ती विझार्ड मीच.

मेल्याचं मला काही वाटलं नाही, खरंच. मेज आर्मर (बचावाचा मंत्र) यादीत होतं, टाकायचं राहिलं, चूक माझीच. ते असतं तर त्याच बाणांना फाशावर ८ ऐवजी ११ लागले असते. तुमची तेजाची, लेव्हलची गणितं वाचली, बरोबर असतील. पण त्या दीड तासात मी एकूण तीन वेळा फासा टाकला. तिन्ही डेथ सेव्ह (आडवं पडल्यावर जीव वाचवायचा फासा), तिन्ही दहाच्या खाली, म्हणजे फसलेले. बाकीचा वेळ मोबाइल. जवळ येऊन मला सावरावं हे कोणाला सुचलं नाही, आणि डीएमनेही आठवण करून दिली नाही.

पुढच्या वेळी क्लेरिक आणतेय. गोब्लिन चार आणा नाहीतर आठ, पण पहिल्या बाणाआधी मला एक टर्न हवा.

खडखडाट
टर्न दिला. झुडूप मात्र राहणार.