अनुभव धागा : लांबच्या प्रवासातील दहा मिनिटांचा थांबा

वाहक ‘गाडी दहा मिनिटे थांबेल’ असे सांगून उतरतो आणि झोपेतून उठलेली चाळीस-पन्नास अनोळखी माणसे एकाच वेळी आपापल्या चपला शोधू लागतात. त्या दहा मिनिटांत काय घडले, कोण भेटले, कशाची अडचण झाली, ते येथे सविस्तर लिहावे, अशी सर्वांना विनंती आहे. मार्ग आणि साधारण काळ लिहिल्यास वाचणाऱ्याला तो रस्ता ओळखता येईल. तक्रार असल्यास हॉटेलचे किंवा प्रवासी कंपनीचे नाव घालू नये. सुरुवात मीच करते.

परळ ते सावंतवाडी

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याआधी मे महिन्यात गावी जायचे म्हणजे आम्हाला एसटीची रातराणी हाच आधार होता. पेण, नागोठणे, माणगाव मागे पडत आणि कशेडीचा घाट चढण्याआधी गाडी पोलादपूरला थांबे. आई आम्हा भावंडांना एकटे सोडून उतरत नसे. वडील पितळी फिरकीचा तांब्या घेऊन पाणी आणायला जात. मी खिडकीच्या गजांना गाल टेकवून नळाजवळच्या गर्दीत त्यांचा पांढरा सदरा शोधत असे. तांब्याच्या झाकणाचे आटे झिजलेले होते. ते सरळ फिरवले तर तिरके बसून पाणी गळे, म्हणून वडील झाकण आधी उलटे फिरवत, आटे जुळल्याचा ‘टक्’ असा आवाज आला की मगच सुलटे फिरवून घट्ट करत. नेमके तेव्हाच चालक जागेवर येऊन बसे, इंजिन सुरू होई आणि खिडकीची तावदाने खडखडू लागत. वडील मात्र खाली मान घालून झाकणच फिरवत असत. त्यांना टाकून गाडी निघून जाईल, ही भीती माझ्या मनात इतकी खोल बसली आहे की आजही थांब्यावर इंजिन सुरू झाले की मी आधी शेजारची जागा पाहते.

पुणे ते नागपूर

मी वर्षातून चार-पाच वेळा खासगी शयनयान गाडीने माहेरी जाते आणि प्रवासाच्या दिवशी दुपारनंतर पाणी पिणे बंद करते. माझ्या ओळखीच्या बहुतेक सर्व स्त्रिया असेच करतात, आणि याची आम्हाला इतकी सवय झाली आहे की त्याविषयी कोणी बोलतही नाही. तीन वर्षांपूर्वी गाडी रात्री साडेबाराला एका ढाब्यावर थांबली. पुढच्या भागात लखलखाट होता, परंतु स्वच्छतागृह मागच्या अंगणाच्या टोकाला होते, तिथे दिवा नव्हता आणि दाराला कडी नव्हती. मी परत फिरणार इतक्यात आमच्याच गाडीतील साठीच्या एक काकू म्हणाल्या, “तू जा बाई, मी दार धरते.” त्यांनी एका हाताने दार ओढून धरले आणि दुसऱ्या हातातील मोबाइलचा उजेड दाराच्या फटीतून आत जमिनीवर पाडला. नंतर मी त्यांच्यासाठी उभी राहिले, आणि आमच्यामागे आणखी तिघी जणी येऊन थांबल्या. चहा कोणालाच मिळाला नाही, कारण तोवर गाडीने हॉर्न द्यायला सुरुवात केली होती.

इथेच का थांबता, असे मी गाडीच्या मदतनीसाला विचारले, तेव्हा तेथे चालकांना जेवण मोफत मिळते, असे त्याने सरळ सांगितले. चालकाला रात्री गरम जेवण मिळालेच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. पण थांबा ठरवताना स्वच्छतागृह आधी पाहावे, एवढीच माझी मागणी आहे. महामार्गावरील पेट्रोल पंपांवर स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी विनामूल्य ठेवणे बंधनकारक असते, हे फार थोड्या प्रवाशांना माहीत आहे. तेव्हापासून मी गाडीत बसतानाच चालकाला पंपावर पाच मिनिटे थांबण्याची विनंती करून ठेवते, आणि बहुतेक चालक ती मान्य करतात.

रत्नागिरी ते कोल्हापूर

आंबा घाटात मला हमखास उलटी होत असे. एकदा साखरप्याला गाडी थांबली असता शेजारच्या आजींनी कनवटीची डबी काढून आवळासुपारी दिली आणि घाट संपेपर्यंत ती चघळून गिळायची नाही, असे बजावले. मलकापूर येईपर्यंत मला त्रास झाला नाही. त्यांचे गाव कोणते, हे विचारायचे राहून गेले.

नागपूर ते छत्रपती संभाजीनगर

पूर्वी आमची गाडी कारंजा, मेहकर, सिंदखेडराजा, जालना अशी जात असे आणि मेहकरच्या स्थानकात चहा घेतल्याशिवाय प्रवास अर्धा झाला असे वाटत नसे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर रस्ता सुरू झाला. वेळ खूप वाचतो, हे मी आनंदाने मान्य करतो. पण पहिल्याच महिन्यात त्या रस्त्याने जाताना कितीतरी वेळ चहाची टपरी दिसली नाही, आणि शेजारच्या मधुमेही गृहस्थांना मी घरून आणलेली दशमी द्यावी लागली. मेहकरच्या चहावाल्यांचे काय झाले असेल, याचा विचार मी त्या दिवशी प्रथमच केला.

लातूर ते पुणे

७५ वर्षांपुढील ज्येष्ठांसाठी ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य झाला, तेव्हा माझ्या वडिलांनी हट्टाने एसटीनेच पुण्याला यायचे ठरवले. त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. दहा मिनिटांच्या थांब्यातील तीन मिनिटे त्यांना उतरायला आणि चार चढायला लागतात. टेंभुर्णीला मी त्यांचा हात धरून उतरवत असताना चालकाने ते पाहिले, आम्हाला पुन्हा बसायला सांगितले आणि गाडी वळवून थेट स्वच्छतागृहाच्या दाराशी नेऊन उभी केली. परत यायला आम्हाला जवळजवळ वीस मिनिटे लागली. वडील संकोचून सर्वांची माफी मागू लागले, तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, “बसा नाना, निवांत बसा.”

एका निवृत्त वाहकाकडून

मी रात्रीच्या गाड्यांवर बरीच वर्षे काम केले. सुरुवातीला मीही ‘दहा मिनिटे’ असेच सांगत असे. पण प्रत्येकाची दहा मिनिटे वेगळी असतात, असे लक्षात आल्यावर मी ‘पावणेदोनला गाडी हलेल’ अशी घड्याळाची वेळ सांगू लागलो. एका स्थानकात एक आजी आमच्या गाडीऐवजी शेजारच्या तशाच लाल गाडीत जाऊन बसल्या होत्या; त्या सापडेपर्यंत माझ्या पायांतले बळ गेले होते. त्यानंतर उतरणाऱ्या प्रत्येकाला मी गाडीचा नंबर पाहून ठेवायला सांगत असे. ‘शेजारी आले का?’ या प्रश्नावरही मी विसंबलो नाही, कारण झोपेत माणूस ‘हो’ म्हणतो. मागच्या बाकापासून पुढे येत मी डोकी मोजत असे.

पहिला अनुभव लिहिणाऱ्या ताईंना एक सांगायचे आहे. तांब्या किंवा बाटली घेऊन उतरलेला माणूस आम्ही वेगळा ध्यानात ठेवत असू, कारण नळावर रांग असते आणि त्याची बायको-मुले गाडीत असतात. चालकाने इंजिन सुरू केले म्हणजे गाडी निघाली असे नव्हे; डबल बेल माझ्या हातात असे, आणि ती देण्याआधी मी दारात उभा राहून नळाकडे एकदा पाहत असे.