एनए (बिगरशेती) झालेल्या पडीक रानात गाजर गवत माजलंय, काय करावं? (लातूर)

कोरडवाहू_लातूर:
राम राम मंडळी. लातूरजवळ बायपासला लागून आमची भावाभावांची साडेतीन एकर हाय, एनए होऊन लेआउट बी मंजूर झालाय पण रस्ते-नाल्या करायला पैसा पाहिजे, त्यामुळं अजून दोन-तीन वर्षं तरी तिथं काम निघल असं वाटत नाही. पेरणी बंद केली तसं सगळं रान गाजर गवतानं पांढरं झालंय, खालच्या अंगाला वढ्याकडनं वेडी बाभूळ वर चढायली. शेजारी रोज बोलायलेत की तुमचं बी आमच्या सोयाबीनात येतंय, आणि खोटं बी नाही. जेसीबीवाला म्हणतो वरचा एक फूट थर खरवडून टाकू, कायमची कटकट मिटल. चुलते म्हणतात तणनाशक मारा, एक पाहुणे म्हणाले मिठाचं पाणी फवारा. माझ्या मनात हाय की ओपन स्पेस (लेआउटमध्ये मोकळी सोडायची जागा) आणि वढ्याकाठी तरी आपल्याकडचंच गवत-झाडी परत यावी. सुरुवात कुठून करू? मजुरीचे भाव तर माहितीच हायेत सगळ्यांना.

माळावरचा_बीड:
दादा जेसीबी लावू नका. गाजर गवताला उघडी, उकरलेली जमीनच पाहिजे असते, खरवडलेल्या रानात पहिल्या पावसाला सगळ्यात आधी तेच उगवतं. एकेका झाडाला दहा-पंधरा हजार बी धरतं, त्यातलं मातीत पडलेलं पुढची कितीक वर्षं उगवतच राहतं. शिवाय काळ्या मातीचा वरचा थर विकून बसलात तर उद्या ओपन स्पेसमध्ये झाडं काय मुरमात लावणार?

आधी नकाशा घेऊन बसा. साडेतीन एकर म्हणजे १४० गुंठे, त्यात १० टक्के ओपन स्पेस धरली तर १४ गुंठे झाले. रस्ते आणि प्लॉट उद्या खणलेच जाणार हायेत, तिथं झाडं लावून पैसा घालू नका, तिथं फक्त फूल येऊ द्यायचं नाही एवढंच बघा. खरी मजुरी त्या १४ गुंठ्यांवर आणि वढ्याच्या काठावर लावा. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात त्याला फूल येतं, म्हणून पाऊस पडून जमीन ओली असताना मुळासकट उपटायचं. नुसतं कापलं तर बुडातनं परत फुटतं. फुलाआधी उपटलेलं खड्ड्यात कुजवलं तर चालतं, फुलावर आलेलं मात्र शेणखतात घालू नका, खतासोबत सगळ्या रानात जाईल. बायांना हातमोजे द्या हो, अंगाला खाज सुटते, दम्याच्या माणसाला तर जवळ बी फिरकू देऊ नका.

उपटलेली जागा मोकळी ठेवली तर सगळं पाण्यात. लगेच मारवेल गवताचे ठोंब लावा, जून-जुलैत, हात-दीड हातावर. विकत आणायचं काम नाही, जुन्या बांधांवर, धुऱ्यावर अजून सापडतो. पेराला बारीक पांढरी लव असते, त्यावरनं ओळखा. पवना गवत मिळालं तर मुरमाड कोपऱ्यात ते टाका. कुसळी गवत घराजवळ नको, लोकांच्या पायजम्यात घुसलं की शिव्या तुम्हालाच.

खुरपं_परभणी:
मिठाचं अजिबात करू नका. १५-२० टक्क्यांचं द्रावण मारलं की गाजर गवत करपतं हे खरंय, ते रस्त्याकडेला ठीक, पण जिथं उद्या गवत लावायचंय तिथं मीठ कशाला ओतता, आपली काळी जमीन आधीच निचऱ्याला वाईट. ग्लायफोसेट तणनाशकाचं म्हणाल तर केंद्रानं ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढला होता की ते पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच वापरायचं. आणि त्यानं उभं झाड मरतं, मातीतलं बी तसंच राहतं.

मेक्सिकन भुंगे सोडून बघा, झायगोग्रामा. १९८३-८४ च्या सुमारास मेक्सिकोहून बंगळूरला आणले होते. परभणीच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्रवाल्यांकडं चौकशी करा. पावसाळ्यात सोडायचे, अळ्या आणि भुंगे दोन्ही पाला खातात, थंडी-उन्हाळ्यात मातीत दडून बसतात. सूर्यफूल खातो म्हणून मागं लय ओरड झाली होती, पण त्याचं खरं जेवण गाजर गवतच. एका सीझनमध्ये रान साफ होईल असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

शेरडंवाला:
वेडी बाभूळ काढायच्या नादात देशी तोडू नका म्हणजे झालं!! वेडीला लांबट, पिवळसर, बोटासारखं फूल येतं, देशीला पिवळा गोल गोंडा. शेंग बी बघा, देशीची माळेतल्या मण्यांसारखी दाबलेली असते, वेडीची सरळ आणि गोड. ती गोड शेंग शेरडं खातात आणि लेंड्यातनं बी पसरवतात, माझीच शेरडं यात आघाडीवर हायेत. वरनं कुऱ्हाडीनं तोडली तर एकाची दहा फुटतात, बुडाशी वीत-दीड वीत उकरून गड्ड्यासकट काढावी लागते. पण वढ्याकाठची सगळी एकाच उन्हाळ्यात काढू नका, काठ तिनंच धरून ठेवलाय, थोडी थोडी काढा आणि मागं मारवेल, करंज लावत जावा. देशी झाड, हिवर, कडुनिंब आडवं आलं तर परवानगी घेतल्याशिवाय हात लावू नका.

माळावरचा_बीड:
+१. आणि हद्दीला तरवड टाका, शेरडं तोंड लावत नाहीत, पाणी लागत नाही, वर पिवळी फुलं. बी थोडं घासून टाकलं की उगवतं. आत पळस, आपटा, बोर, हिवर, जागा असल तर अंजन. लेआउटवाले कोनोकार्पस नाहीतर गुलमोहर असली बाहेरची झाडं घेऊन येतील, त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

कोरडवाहू_लातूर:
लय उपकार सगळ्यांचे. म्हणजे रस्त्याला मुरूम बी लांबून आणायचा नाही म्हणा, त्यातनंच गाजर गवताचं बी येत असंल. अजून एक, मेंढरंवाले विचारायलेत, बसवू का?

शेरडंवाला:
मुरमाचं बरोबर बोललात, ढीग कुठला हाय ते आधी जाऊन बघा. मेंढरं प्लॉटच्या भागात बसवा, लेंडी मिळल. मारवेल लावलेल्या १४ गुंठ्यात पहिलं वर्ष नको, मुळं धरू द्या. दुसऱ्या वर्षापासून दिवाळीच्या आसपास कापून न्यायला सांगा, नाहीतर उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला कुणाची तरी बिडी लागायचीच.