अनुभव धागा : गरोदरपण, मुदतीच्या तारखा आणि हिशेबाची नोकरी

लेखा आणि करसल्ल्याच्या कामात सगळ्या तारखा आधीपासून ठरलेल्या असतात. दर महिन्याला टीडीएसचा (आधीच कापून घेतलेल्या कराचा) भरणा ७ तारखेला, जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) ११ तारखेला, ३बी (जीएसटी भरण्याचे विवरणपत्र) २० तारखेला आणि कर लेखापरीक्षणाचा अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत. प्रसूतीची अपेक्षित तारीखही डॉक्टर बरीच आधी सांगतात. तरीही या दोन प्रकारच्या तारखा समोरासमोर आल्या की माघार बाईनेच घ्यावी, असे बहुतेक कार्यालयांत गृहीत धरले जाते. गोव्यात सीए फर्म, कारखाने, हॉटेले आणि पतसंस्थांच्या हिशेब विभागांत काम करणाऱ्या, किंवा स्वतःचा व्यवसाय असणाऱ्या स्त्रियांनी गरोदरपणात कामाची मर्यादा कशी आखली, ती कुठे टिकली आणि कुठे मोडली, हे येथे लिहावे. कार्यालयाचे नाव देऊ नये. स्त्रियांना कामावर ठेवणाऱ्यांनीही लिहिल्यास स्वागत आहे.

पणजी, सीए फर्ममध्ये नोकरी

मी बातमी सांगितली तेव्हा सर म्हणाले, "तुला झेपेल तेवढंच कर." ऐकायला हे वाक्य प्रेमळ आहे, पण त्यात मर्यादा कुठेच नाही, कारण संध्याकाळी सात वाजता टेबलावर येणारी फाइल झेपणारी की न झेपणारी, हे दर वेळी मलाच ठरवावे लागे आणि नकार दिला की तो माझा वैयक्तिक नकार ठरे. म्हणून मी माझ्याकडच्या सर्व क्लायंटांची यादी केली आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहिल्या : कोणते काम शेवटपर्यंत मी करीन, कोणते कोणत्या महिन्यापासून दुसऱ्याकडे जाईल, आणि त्यासाठी कोणती कागदपत्रे कुठे ठेवली आहेत. तो कागद सरांना दिला आणि त्यावर बोलण्यासाठी वेळ मागून घेतली. चर्चेत दोन क्लायंट पुन्हा माझ्याकडे आले, ते मी मान्य केले. मात्र जे ठरले ते ईमेलने सर्वांना कळवले गेले आणि तिथून पुढे "मी आत्ता करू शकत नाही" असे म्हणण्याऐवजी "हे आता अमुककडे आहे" असे म्हणता येऊ लागले.

दुसरा नियम ३बीचा. ज्यांची खरेदीची बिले १४ तारखेपर्यंत येतील त्यांचेच विवरणपत्र मी भरीन आणि उरलेले सहकाऱ्याकडे जातील, असे क्लायंटांना लेखी कळवले. वर्षानुवर्षे १९ तारखेच्या रात्री व्हॉट्सॲपवर बिलांचे वाकडेतिकडे फोटो पाठवणारे एक दुकानदार त्यानंतर १२ तारखेलाच पाठवू लागले. हे त्यांना आधीही जमले असते, असा संशय मला अजून आहे.

वेर्णा औद्योगिक वसाहत, कारखान्याचा लेखा विभाग

माझी प्रसूती मे महिन्याच्या मध्याला अपेक्षित होती आणि ३१ मार्चला साठामोजणी होती. आमचे गोदाम म्हणजे पत्र्याची शेड. मोजणीच्या दिवशी लेखा विभागाच्या माणसाने रॅकच्या रांगांमधून हातात तक्ते घेऊन सकाळपासून उभे राहायचे, खालच्या खोक्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायला वाकायचे आणि बाहेरून आलेल्या ऑडिटरांसोबत फिरायचे. विभागप्रमुखांना यात जड असे काही दिसत नव्हते. "तू नुसती उभी राहा, मोजतील दुसरे," असे ते म्हणाले. परंतु त्रास नेमका उभे राहण्याचाच होता, पाय संध्याकाळपर्यंत चपलेत मावत नसत.

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात याची तरतूद होती. अपेक्षित तारखेपूर्वीच्या सहा आठवड्यांच्याही आधीच्या एका महिन्यात, स्त्रीने विनंती केल्यास, तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही. मी हिशेब केला तर ३१ मार्च त्या महिन्यातच येत होता. दोन ओळींचा अर्ज दिला, सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला. मनुष्यबळ विभागाला ही तरतूद ठाऊक नव्हती, सुट्टीचे २६ आठवडे तेवढे ठाऊक होते. शेवटी गोदामात कनिष्ठ सहकारी गेला आणि तक्त्यांची पुस्तकी साठ्याशी जुळणी मी जागेवर बसून केली. कामाचा तो भाग खरे तर अधिक किचकट होता, त्यामुळे मला सवलत मिळाली असे कोणी म्हणू शकले नाही.

फोंडा, स्वतःचा व्यवसाय

वरच्या दोघींना अर्ज देण्यासाठी समोर कोणीतरी होते. स्वतंत्र सीएला रजा देणारा कोणी नसतो आणि तो कायदा नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी होता. माझे कार्यालय घराच्या पुढच्या खोलीत आहे. त्यामुळे क्लायंट दुपारी जेवणाच्या वेळीही "बाय, फक्त एक सही" म्हणत दारात येत आणि आतल्या खोलीतून "घरीच तर असतेस" हे ऐकू येई. ऑक्टोबरमध्ये बाळ यायचे होते. म्हणजे ३० सप्टेंबरची मुदत आणि चवथ (गणेशचतुर्थी) दोन्ही शेवटच्या महिन्यांत. ज्यांनी गोव्यात सीएचे काम केले आहे त्यांना ऑगस्ट-सप्टेंबर काय असतो हे सांगायला नको : घरात नेवऱ्या (करंज्या) तळल्या जात असतात, माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचे, सामान आणायचे असते आणि फोनवर कोणीतरी अजून बँकेचे विवरण शोधत असतो.

मी जूनमध्येच निर्णय घेतला. ज्यांची पुस्तके जुलैअखेर पूर्ण होतील त्यांचे लेखापरीक्षण मी करणार होते. बाकीच्यांना मडगावच्या एका सहकारी सीएकडे पाठवले. कामही त्यांचेच आणि सहीही त्यांचीच, कारण दुसऱ्याने तपासलेल्या पुस्तकांवर मी नुसती सही करून यूडीआयएन (सीएच्या सहीच्या दस्तऐवजाचा ओळख क्रमांक) काढणे मला मान्य नव्हते. काही क्लायंट परत आले नाहीत. उत्पन्न घटले आणि ते भरून यायला वेळ लागला. हे लपवून मर्यादेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. एक वाजल्यानंतर दार बंद केले आणि फायली ठेवण्यासाठी सोप्यावर झाकणाची पेटी ठेवली. घरच्यांशी बोलणे त्याहून अवघड होते. त्या वर्षी माटोळी दिरांनी बांधली आणि नेवऱ्या विकत आणल्या. त्यावर चार दिवस धुसफूस झाली, पुढच्या वर्षी मात्र पुन्हा विकतच आल्या.

मडगाव, फर्म चालवणारे

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. व्यावसायिक आस्थापनांच्या बाबतीत तो मातृत्व लाभ कायदा दहा किंवा अधिक माणसे असतील तरच लागू होत असे आणि आमच्याकडे तेवढी कधीच नव्हती. तरी आम्ही पगारी रजा दिली. पूर्ण २६ आठवड्यांची नाही, परवडली तेवढी. पणजीच्या ताईंच्या पद्धतीबद्दल एक शंका आहे : काम "अमुककडे" गेले, पण त्या अमुकला त्याबद्दल काय मिळाले? आमच्याकडेही रजेवरच्या बाईचे काम असेच एका मुलीकडे गेले आणि तिने सहा महिन्यांत नोकरी सोडली. आता अशा काळात काम उचलणाऱ्याला वेगळा भत्ता देतो. मुली पाचव्या महिन्यापर्यंत बातमी सांगत नाहीत, अशी तक्रार मालक मंडळी करतात, परंतु सांगितल्यावर पहिला प्रश्न "मग सप्टेंबरचं काय?" हाच येणार असेल, तर त्या का सांगतील?

पणजी, पुन्हा

शंका रास्त आहे. माझ्या सहकाऱ्याला काही मिळाले नव्हते. परत आल्यावर त्याच्या लग्नाच्या वेळी त्याचे काम मी घेतले, पण ती आमची आपसातली सोय, कार्यालयाची नव्हे.

कांदोळी, हॉटेलचा हिशेब विभाग

माझी मर्यादा सुट्टीआधी नीट टिकली आणि सुट्टीत मोडली. प्रसूती डिसेंबरच्या हंगामात झाली. प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे बाईकडून काम करून घेण्यास कायद्याची मनाई आहे, पण फोनवर "एकच मिनिट" विचारण्याला काम कोणी म्हणत नाही. कारण साधे होते : जीएसटी पोर्टलचा ओटीपी माझ्या मोबाइलवर येई आणि बँकेतून मोठी रक्कम देताना दुसरी मंजुरीही माझीच लागे. बाळाला पाजत असताना ओटीपी वाचून दाखवायचा, तोही दहा मिनिटांत दोनदा, कारण पहिला टाकेपर्यंत त्याची मुदत संपलेली. कामाच्या याद्या करताना या गोष्टी कोणाच्या लक्षात येत नाहीत. बँकेत अधिकृत व्यक्ती बदलायची तर संचालकांचा ठराव, नव्या माणसाची केवायसी आणि सहीचे नमुने लागतात. ही प्रक्रिया सातव्या महिन्यात सुरू करावी आणि नव्या माणसाच्या मोबाइलवर ओटीपी येतो की नाही, हे आपण कार्यालयात असतानाच एकदा प्रत्यक्ष रक्कम पाठवून पाहावे.