मदरबोर्ड बदलला, आता बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा मारून थांबतो

वाईकर_डीटीपी

नमस्कार मंडळी. घरचा डेस्कटॉप नवीन बोर्ड बसवल्यापासून चालूच होत नाहीये. आधी एच८१ चा छोटा मायक्रो-एटीएक्स बोर्ड होता. मावसभावाने स्वतःचं मशीन बदललं आणि जुनं मला दिलं: बी४५० चा पूर्ण आकाराचा एटीएक्स बोर्ड, त्यावर रायझन ५ ३६०० प्रोसेसर, ८-८ जीबीच्या दोन रॅम आणि एक साधं ग्राफिक कार्ड. त्याच्याकडे हे सगळं गेल्या रविवारपर्यंत चालत होतं, मी स्वतः पाहिलंय. कॅबिनेट आणि ४५० वॉटचा एसएमपीएस (सगळ्याला वीज पुरवणारा डबा) मात्र माझाच जुना. भाच्याने सगळं बसवून दिलं.

बटण दाबलं की प्रोसेसरवरचा पंखा जेमतेम अर्धा फेरा फिरतो, एसएमपीएसमधून ‘टक्’ असा आवाज येतो आणि सगळं थंड. परत बटण दाबलं तर काहीच हालचाल नाही. मागचा काळा स्विच बंद करून जरा वेळाने चालू केला, की पुन्हा एकदाच तो अर्धा फेरा. बीप नाही, स्क्रीनवर काही नाही.

इथल्या एका दुकानदाराने कॅबिनेट न उघडताच “बोर्ड उडालाय ताई, नवीन घ्या” म्हणून सांगितलं. दिवाळी अंकाची पानं लावायची आहेत, लॅपटॉपच्या एवढ्याशा स्क्रीनवर जोडाक्षरं बघून डोळे गेले. काही सुचवा.

अर्धवट_अभियंता

बी४५० बोर्ड २०१८ चे, ३६०० प्रोसेसर २०१९ चा. बायोस (बोर्डावरचं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) जुनं असेल तर हा प्रोसेसर ओळखतच नाही. बायोस अपडेट करून घ्या. शिवाय तुमच्या जुन्या एसएमपीएसला सीपीयूची (प्रोसेसरची) ४ पिनचीच वायर असणार, बोर्डावर ८ पिनचं सॉकेट आहे. एसएमपीएस बदलावाच लागेल.

फेज_न्यूट्रल

अभियंता साहेब, बायोस जुनं असतं तर हेच मशीन मावसभावाकडे रविवारपर्यंत चाललं कसं? आणि ४ पिनचं म्हणाल तर ३६०० हा ६५ वॉटचा प्रोसेसर, ८ च्या सॉकेटात ४ लावून बहुतेक बोर्ड सुरू होतात. ताईंना उगाच खर्चात पाडू नका.

ताई, लक्षणं नीट लिहिलीत, त्यामुळे निम्मं काम झालंय. “चालू होत नाही” आणि “डिस्प्ले येत नाही” ही दोन वेगळी दुखणी आहेत. बायोसचा घोळ, सैल रॅम, नीट न बसलेलं ग्राफिक कार्ड, यांत पंखे फिरत राहतात आणि स्क्रीन काळी राहते. तुमच्याकडे पंखाच थांबतोय. बटण अडकून राहिलं असतं तरी मशीन साधारण ४ सेकंद चालून मग बंद झालं असतं. अर्धा फेरा, टक्, आणि मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय पुन्हा दाद नाही, म्हणजे एसएमपीएसचं प्रोटेक्शन पडतंय. घरातला एमसीबी पडतो तसंच. कुठेतरी शॉर्ट आहे. बटण आणि त्याची वायर ठीक आहे, नाहीतर तो अर्धा फेराही फिरला नसता.

आता शॉर्ट बोर्डात आहे की कॅबिनेटमध्ये, एवढंच शोधायचं. प्लग काढा. बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवा. बोर्डाच्या त्या चकचकीत पिशवीवर ठेवू नका, तिच्या बाहेरच्या बाजूने करंट जाऊ शकतो. फक्त २४ पिनची मोठी वायर, सीपीयूची वायर, कूलर (प्रोसेसरवरचा पंखा) आणि एक रॅम एवढंच ठेवा. ग्राफिक कार्ड, डिस्क, पुढच्या यूएसबीच्या वायरी सगळं काढा. मग प्लग लावा आणि बोर्डाच्या कडेला पॉवर स्विचच्या ज्या दोन पिना असतात, त्यांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे स्क्रीनवर काही येणार नाही. आपल्याला फक्त पंखा फिरत राहतोय का तेवढं बघायचंय.

फिरत राहिला तर बोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही निर्दोष. मग कॅबिनेटच्या पत्र्यावरचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर स्क्रूने बसतो ते छोटे खुंट) बघा, माझा संशय तिथेच आहे. मायक्रो-एटीएक्सच्या स्क्रूच्या भोकांची खालची रांग एटीएक्सच्या खालच्या रांगेपेक्षा साधारण ६ सेंटीमीटर वर असते. छोटा बोर्ड काढून मोठा बसवला आणि ते जुने स्टँडऑफ तिथेच राहिले, तर ते मोठ्या बोर्डाच्या पाठीला टेकतात. त्या जागी त्याला भोकच नसतं.

बाहेरही पंखा थांबला, तर सीपीयूची ४ पिनची वायर काढून पुन्हा बघा. तेव्हा फिरत राहिला तर शॉर्ट प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागात आहे, आणि मग दुकानदाराचं म्हणणं (न बघता केलेलं असलं तरी) बरोबर निघेल.

हिरवी तार काळीला जोडून एसएमपीएस तपासायचे व्हिडिओ दिसतील. त्यात पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठणठणीत असं समजू नका, लोडवर तो कसा वागतो ते त्यातून कळत नाही. आणि काही झालं तरी एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो.

वाईकर_डीटीपी

पुठ्ठ्यावर सुरू झालं! पंखा फिरतच राहिला, मीच घाबरून प्लग काढला.

पत्र्यावर अगदी तुम्ही म्हणालात तिथेच दोन पितळी स्टँडऑफ निघाले. त्यातला एक ग्राफिक कार्डच्या स्लॉटखाली सोल्डरच्या टोकांवर दाबला गेला होता. बोर्ड उलटा करून बॅटरीच्या उजेडात बघितलं तर तिथे षट्कोनी चकचकीत ओरखडा उमटलाय, दोन टोकं चेपलेली. दोन्ही स्टँडऑफ पकडीने काढून खालच्या रांगेत लावले. सगळं परत जोडलं आणि विंडोज १० जुन्याच एसएसडीवरून, कुरकुर न करता सुरू झालं. फक्त कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट करा’ असं येतंय. ते काय?

अर्धवट_अभियंता

स्टँडऑफ डोक्यातच आले नव्हते. मानलं.

फेज_न्यूट्रल

बोर्ड बदलला की विंडोजच्या लेखी ते नवीन मशीन. तुमचं लायसन्स आधीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असेल, तर अ‍ॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ असा पर्याय असतो, त्यातून बघा. जुन्या संगणकाबरोबर कंपनीकडून आलेलं ओईएम लायसन्स असेल तर ते जुन्या बोर्डाबरोबरच गेलं, नवीन घ्यावं लागेल. तोवर पानं लावायचं काम अडत नाही.

एसएमपीएस जुना आहे आणि त्याचं प्रोटेक्शन हल्ली बरेचदा पडलंय, तेव्हा अंक छापायला गेला की बदला. मॉड्युलर (वायरी सुट्या निघणारा) घेतलात तर त्याच्या खोक्यातल्याच वायरी वापरा, दुसऱ्या एसएमपीएसच्या नाही. बोर्डाकडचं आणि डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही वेगळी. वायर मात्र व्यवस्थित बसते, आणि डिस्कच्या ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊ शकतात. ती पानं आजच पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा.