गंजलेलं मशीन फेका म्हणे!

लंबकराव: काल एकाने सल्ला दिला, "फ्रेंच सोनेरी घड्याळ, मशीन गंजलंय? सेलवालं बसवा नि मोकळे व्हा." डोकंच फिरलं. अहो, गंजतं ते पोलाद. प्लेटा, चक्रं पितळेची असतात. गंज धरतो दांड्यांना, पिनियनला (दांडीवरचं छोटं दातेरी चाक), कमानीला (चावीची स्प्रिंग). आमचं आजोळचं, एकोणिसाव्या शतकातलं. आधी कमानीचा ताण सोडवला (विसरलात तर बोट फुटेल), सगळं सुटं करून चार दिवस रॉकेलमध्ये. दांड्यांची टोकं पॉलिश केली, प्लेटांतल्या झिजलेल्या दोन भोकांना बुश (बारीक नळ्या) घातले, कमान तेवढी नवी. आता अर्ध्या तासालाही ठोका देतं.

सेलवाला: सल्ला माझाच. तुम्हाला वेळ आहे, छान. मी एका घड्याळजीकडे दिलं होतं. आठ महिन्यांनी आलं, दोन स्क्रू कमी आणि लंबक दुसऱ्याच कुणाचा!

चिंचेची_सून: मशीनचं काय घेऊन बसलात, मुलामा बघा! आमच्या सासूबाईंनी दिवाळीला पितळ समजून चिंच-मीठ लावून घासलं. घड्याळावरच्या देवीच्या नाकावरचं सोनं साफ. पूर्वी सोनं पाऱ्यात कालवून लेप द्यायचे, मग तापवून पारा उडवायचे. त्या वाफेने कारागीर आजारी पडून मरायचे. आणि आपण चिंच चोळतो.

लंबकराव: चिंचेत सोनं विरघळत नाही. ते घासण्याने गेलं.

चिंचेची_सून: हो का? सासूबाईंना कळवते. गेलं ते गेलंच ना!

खडूस: दोघंही अर्धवट. आधी घड्याळ उलटं करून तळाशी बारीक ओरखडा काढा. पिवळं दिसलं तर ब्राँझ, करडं दिसलं तर जस्त. जस्ताला आंबट लागलं तर मुलाम्याखाली खड्डे पडतात. म्हणजे चिंचही दोषी.

चिंचेची_सून: करडंच आहे. 😐

सेलवाला: बरं बाबा, मशीन फेकू नका. डब्यात ठेवा आणि सेलवालं बसवा. झालं समाधान?

लंबकराव: आणि तबकडीवरची चावीची दोन भोकं? ती काय नुसती डोळे वटारून बघणार?

सेलवाला: ...माझ्याकडे तशीच बघतायत, दोन वर्षं. मशीन माळ्यावर आहे. पण रॉकेल मिळतं कुठे हल्ली? आमच्या रेशनवरून तर कधीच गेलं.