बेळगावची ड्रायव्हिंगची सवय जर्मनीत कितपत उपयोगी पडते?

खानापूरकर:
नोकरीनिमित्त लवकरच स्टुटगार्टला राहायला जात आहे. खानापूर-बेळगाव हे माझे रोजचे जाणे-येणे असून पुण्याला किंवा चोर्ला घाटातून गोव्याला जायचे झाले तरी मी स्वतःच गाडी चालवतो. ऑटोबानवर (तिकडच्या द्रुतगती महामार्गावर) वेगाला मर्यादा नसते, एवढेच जो तो सांगतो. मला मात्र वेगाची तितकीशी धास्ती वाटत नाही. आपल्या कोणत्या सवयी तिकडे अंगाशी येतात, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

निपाणीकर (सध्या म्युनिक):
ऑटोबानच्या बऱ्याच भागांवर मर्यादा नाही हे खरे, तरी तिथेही ताशी १३० किलोमीटर हा सुचवलेला वेग आहे आणि उजवीकडून ओव्हरटेक करणे नियमात बसत नाही. त्रास होतो तो गावात. आधी कोणी जायचे, हे आपल्याकडे चौकात पोहोचल्यावर हॉर्न आणि नजरानजर यांवर ठरते. इथे ते आधीच ठरलेले असते. पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो एखाद्या बोळातून सायकलवर का येईना. तो थांबून अंदाज घेत नाही, कारण आपण थांबणार हे त्याने गृहीत धरलेले असते.

डिपरचेही तसेच. चोर्ल्याच्या वळणावर समोरच्या ट्रकने डिपर मारला की आपण निमूट कडेला होतो. इथल्या अरुंद गल्लीत समोरच्याने दिवे लुकलुकवले तर बहुधा ‘तुम्ही आधी या’ असे त्याचे म्हणणे असते, आणि मग दोघेही एकमेकांसाठी थांबून राहतात.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. ऑटोबानवर वाहतूक तुंबू लागली की सायरन ऐकू येण्याची वाट न पाहता अगदी डावीकडच्या लेनने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून, मधून ॲम्ब्युलन्सला वाट ठेवायची असते. आपल्याकडेही ॲम्ब्युलन्सची वाट अडवल्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पण नेमके कुठे सरकायचे हे ठरलेले नसल्याने मदतीच्या इच्छेनेच कोंडी वाढते.

ऊसपट्टा (चिकोडी):
सारा दोष सवयींच्या माथी मारणे मला पटत नाही. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचे जीव गेले, जर्मनीत २,७८८ जणांचे. लोकसंख्येच्या मानाने पाहिले तरी आपले प्रमाण तिपटीहून अधिक भरते. पण ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेग घेण्याची बांधणीच नसलेल्या वाहनाला ऑटोबानवर प्रवेशच नाही, हेही विचारात घ्यावे. आमच्याकडे गळीत हंगामात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याकडे निघतो. मागचा दिवा वाढ्यांच्या (उसाच्या शेंड्यांच्या) आड गेलेला, आणि रिफ्लेक्टरची पट्टी असलीच तर चिखलाने माखलेली. सर्व्हिस रोड जिथे सलग नाही तिथे हीच ट्रॉली महामार्गावर येते, आणि शेत पलीकडे असलेला दुचाकीवाला दुभाजकाची फट लांब पडते म्हणून उलट दिशेने येतो. त्याचे चुकतेच, परंतु रस्ता आखताना त्याच्या शेताचा विचार कोणी केला होता?

खानापूरकर:
दोघांचेही आभार. आपला परवाना तिकडे चालतो का?

निपाणीकर (सध्या म्युनिक):
ऊसपट्टा यांचा मुद्दा मान्य. रात्री संकेश्वरच्या पुढे मीही ट्रॉलीच्या धास्तीनेच गाडी चालवतो. परवान्याचे म्हणाल तर वास्तव्यास आल्यापासून सहा महिने भारतीय परवाना भाषांतरासह चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. परीक्षक मागच्या सीटवर बसलेला असतो, तेव्हा लेन बदलताना आरशात पाहून भागत नाही, मान वळवून खांद्यावरून मागे पाहावे लागते. ही सवय निघण्यापूर्वी खानापूर रस्त्यावरच लावून घ्यावी.